चालू ठेवा

"आवाज! आवाज कुठं गेला तुमचा? सकाळी पोहे खाल्ले का नुसते सुंगले?"

आमचे अध्यक्ष आदिलाबादच्या गेस्ट हाऊससमोर एका मैलाच्या दगडावर उभे राहून आम्हालाच शिव्या घालत होते. मराठी माध्यमाच्या शिक्षकांची आमची एक लहानशी संघटना आहे, तिचे ते अध्यक्ष आणि मी सेक्रेटरी. ते अध्यक्ष कशामुळे झाले, हे त्यांचा आवाज ऐकलेल्याला सांगावं लागत नाही. बेल्याकडच्या आपल्या शाळेत ते हजेरी घ्यायला लागले की पैनगंगेपलीकडची, म्हणजे दुसऱ्या राज्यातली पोरं 'हजर' म्हणून उभी राहायची. तिकडच्या मास्तरांनी दोनदा तक्रार केली. आमच्या सरकारनं ती आंतरराज्य बाब म्हणून दिल्लीला पाठवली असं म्हणतात, मी काही कागद पाहिला नाही.

"मराठी मीडियम!" अध्यक्ष ओरडले.

"चालू ठेवा!" आम्ही ओरडलो.

मागणी तेवढीच होती. बेल्याच्या बाजूला एका गावात मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा आहे. एक खोली, एक व्हरांडा, एक मॅडम. पोरं कमी झाली म्हणून ती शाळा शेजारच्या तेलुगू शाळेत मिसळायची आणि मॅडमची पोस्ट उचलून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जंगलात न्यायची, असं वरून ठरत आलं होतं. या प्रकाराला सरकारात रॅशनलायझेशन म्हणतात. हा शब्द उच्चारता आला की माणूस शिक्षणाधिकारी होतो.

मॅडम त्याच गावच्या, त्याच खोलीत शिकलेल्या. बौद्धवाड्यातून नोकरीला लागलेली पहिली बाई. त्यांची आई लोकांच्या कपाशीत निंदणाला जायची आणि मधल्या सुट्टीत धुऱ्यावरून शाळेच्या खिडकीत डोकावून जायची, लेक आत आहे का नाही ते बघायला. त्या दिवशी बॅनरची उजवी काठी मॅडमच्या हातात होती आणि डावी माझ्या. मॅडम घोषणा देत नव्हत्या. त्या काठी धरून होत्या. माझ्या बाजूचं बॅनर वाऱ्यानं असं फडफडत होतं की मी एकदा जमिनीपासून हातभर वर गेलो होतो. त्यांची बाजू सुतात होती.

तर बॅनर. ते अध्यक्षांनी आदिलाबादच्या एका पेंटरकडून आदल्या दिवशी फोनवर सांगून करून घेतलं होतं. मंत्री हैदराबादहून येणार, मंत्र्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून घोषणा आमची मराठीच, फक्त लिपी तेलुगू. तयार बॅनर गुंडाळलेलं आलं, ताफ्याचा सायरन ऐकू आला तेव्हाच उघडलं, आणि उघडून आम्ही त्याच्यामागे उभे राहिलो. बॅनर धरणारा माणूस बॅनरच्या मागे असतो, हा जगाचा नियम आहे. कापड जाड, घोंगडीसारखं. मागून काही दिसायची सोय नव्हती.

रस्त्यापलीकडे आमचे एक तेलुगू माध्यमाचे मित्र उभे होते, सोशलचे सर. ते आम्हाला दोन्ही हातांनी काहीतरी खुणा करत होते.

"पाहा," अध्यक्ष म्हणाले, "तेलुगूवाले बी पाठिंबा देऊन राह्यले. जोरात!"

आम्ही जोर लावला. सोशलच्या सरांनी हात आणखी जोरात हलवले. आम्हीही आणखी जोर लावला. शेवटी ते बिचारे डोक्याला हात लावून पानठेल्याच्या फळीवर बसले. आम्हाला वाटलं, उन्हानं.

आणि मंत्र्यांची गाडी थांबली.

इथं जरा थांबतो. मंत्र्यांची गाडी शिक्षकांसाठी थांबत नसते. ढोरांसाठी थांबते, वरातीसाठी थांबते. शिक्षकांसाठी ती वेग वाढवते, हा माझा इतक्या आंदोलनांचा अनुभव आहे. पण थांबली. काच खाली गेली. मंत्र्यांनी बॅनर वाचलं. पुन्हा वाचलं. पुढच्या सीटवरच्या जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाहिलं. शिक्षणाधिकाऱ्यांनी आमच्याकडे पाहिलं, ते अशा नजरेनं, की जसं स्वतःहून जू मानेवर घेऊन दारात उभ्या राहिलेल्या बैलाकडे पाहावं.

मंत्री खाली उतरले. तेलुगूत म्हणाले, "हे तुम्ही स्वतःच मागताय?"

"हो साहेब!" अध्यक्ष तेलुगूत म्हणाले.

"सगळे मिळून?"

"एकमुखानं!"

"कुणाचा दबाव नाही?"

"आमच्यावर? साहेब, आम्ही कुणाच्या बापाला भीत नाही!" हे त्यांनी मराठीत सांगितलं, म्हणून बरं.

मंत्र्यांचे डोळे पाणावले. मी अतिशयोक्ती करत नाही, करायची तेव्हा मी आधी सांगतो. ते म्हणाले, असे शिक्षक माझ्या सगळ्या राजकारणात पाहिले नाहीत. मग अध्यक्षांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "झालंच म्हणून समजा." गाडी गेली. आम्ही अध्यक्षांना खांद्यावर घेतलं. ते वजनदार गृहस्थ असल्यामुळे पाळीपाळीनं घेतलं.

मग कापूस मार्केटच्या हॉटेलात मिरची भजी. अध्यक्षांनी आपलं यश तिसऱ्यांदा सांगायला घेतलं होतं, तोच सोशलचे सर आत आले. त्यांचा जन्म आदिलाबादचा, त्यामुळे ते आमची बोली आमच्यापेक्षा चांगली बोलतात.

"काऊन हो," ते म्हणाले, "तुमी आपलीच शाळा बंद काऊन करून राह्यले?"

"कोण म्हणते बंद?"

"तुमीच म्हणता. तुमचं कापड म्हणते. मी तिकडून हात हालवून हालवून मेलो, गुंडाळा म्हणून. तुमी मलेच सलामी देऊन राह्यले!"

मॅडम उठल्या. कोपऱ्यात ठेवलेलं बॅनर त्यांनी दोन बाकांवर उलगडलं आणि पहिल्यांदाच त्याच्यासमोर उभ्या राहून वाचलं.

"मराठी मीडियम चालु," त्या म्हणाल्या.

"मंग? बराबरच हाय!" अध्यक्ष म्हणाले.

"मराठीत बराबर हाय सर. तेलुगूत चालु म्हणजे पुरे. बास झालं. मराठी मीडियम, बास."

कढईतली भजी तेवढी बोलत होती. आमच्यात प्रत्येकाला तेलुगू येत होतं, त्याशिवाय या जिल्ह्यात भाजीही मिळत नाही. तोंडी बोलताना इकडचे लोक त्याच शब्दाला 'सालु' म्हणतात, वाढप्याच्या हातावर हात आडवा धरून. लिहिला की तो चालु होतो. आमच्या मनात तर तो आधीपासूनच चालू होता. 'ठेवा' मात्र बॅनरवर कुठंच नव्हतं.

"ठेवा कुठं गेलं?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. टेबलापलीकडे जेमतेम पोचला.

आम्ही सगळे पेंटरकडे गेलो. तो एका दुकानाच्या शटरवर गाईचं चित्र काढत शिडीवर बसला होता. खाली न उतरता त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"आपइच बोले ना मास्टर साब," तो म्हणाला. "बोले, लिख, मराठी मीडियम चालू. फिर बोले, ठेवा. मैं फोन ठेव दिया."

वीस वर्षं मराठी गिऱ्हाइकांशी फोनवर बोललेल्या माणसाला 'ठेवा' म्हणजे काय हे पक्कं ठाऊक होतं, त्यात चूक कुणाची काढायची?

"पण तुले वाचता येते ना बावा," मी म्हणालो. "मास्तर लोक स्वतःची शाळा बास म्हणून राह्यले, तुले काई वाटलं नाई?"

"मेरेकू लगा, थक गए होंगे."

त्यानं गाईला शेपूट काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेलुगू पेपरात आमचा फोटो होता. फोटोत मॅडम गंभीर, मी हवेत. खाली लिहिलं होतं, मराठी माध्यम पुरे, शिक्षकांचीच मागणी, मंत्र्यांकडून तत्काळ मंजुरी. उन्हं वर यायच्या आत सत्तेतल्या पक्षाचे एक नेते शाल घेऊन अध्यक्षांच्या घरी आले. स्वतःची पोस्ट स्वतःहून परत करणारे राज्यातले पहिले शिक्षक म्हणून त्यांना आमचा सत्कार करायचा होता. ते बाहेर पडले तोच विरोधी पक्षाचे नेते आले. सरकारनं दहशतीनं तुमच्याकडून हे वदवून घेतलं, असं पत्रक त्यांनी काढलं होतं, त्याच्यावर आमची सही हवी होती. दोघंही जुने वर्गमित्र. फाटकात एकमेकांना म्हणाले, "झालं का तुझं?" "हो, जा तू." अध्यक्षांनी शालही घेतली नाही आणि सहीही केली नाही. चहा मात्र दोघांना पाजला, कारण तो दोघांनी मागितला.

मग आम्ही शिक्षणाधिकाऱ्यांच्या दफ्तरात गेलो. मी, अध्यक्ष आणि मॅडम. साहेब भला माणूस होता. अध्यक्षांनी त्याला दोन भाषांतला फरक समजावून सांगितला. तो इतका सविस्तर सांगितला की बाहेर शिपायाची डुलकी दोनदा लागून दोनदा मोडली. साहेबांनी सगळं ऐकलं आणि हिंदीत म्हणाले, "मैं समझ गया. लेकिन फाइल निकल गयी."

आमच्या जिल्ह्यात फाइल निघते ती बैलगाडीनं, भैंसा गावच्या बाजाराला सरकी न्यायची तशी, वाटेत पाणी पाजत. मी स्वतः मेडिकल रजेची फाइल अशी पाहिली आहे, की रजा संपून, आजार बरा होऊन, तोच आजार दुसऱ्यांदा झाला तेव्हा ती मंजूर होऊन आली. पण या फाइलला पंख फुटले होते. लोकांनी स्वतःहून काही बंद करायला सांगावं, असा प्रसंग सरकारच्या वाट्याला रोज येत नाही.

"मागणी परत घेतो," अध्यक्ष म्हणाले.

"मंजूर झालेली मागणी परत घेता येत नाही."

"मग?"

"नवी करता येते," साहेब म्हणाले. "आज मंत्री भैंसाला जिनिंगच्या उद्घाटनाला आहेत. दुपारून त्याच रस्त्यानं परत निघतील. उद्या हैदराबाद. तिथं सही झाली की मग मी काही करू शकत नाही, तुम्हीही नाही."

मॅडम एवढंच म्हणाल्या, "साहेब, आमच्या बाजूच्या गावची शाळा अशीच मिसळली होती. तिकडं नेलेल्या पोरी वर्गात वर्षभर बोलल्या नाईत. मास्तरले वाटलं लय शिस्तीच्या हायेत. मंग त्या यायच्याच बंद झाल्या."

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर ठेवला.

परत पेंटरकडे, या वेळी सोशलच्या सरांनाही सोबत घेऊन. अध्यक्षांनी वाटेत नवा मजकूर तयार केला होता. त्यात राज्यघटना होती, मातृभाषा होती, निजामाच्या काळापासूनचा इतिहास होता आणि शेवटी 'कळावे' होतं. पेंटरनं शिडीवरूनच सांगितलं, नवं कापड नाही, दुकान बंद आहे, जुन्याच्या शेवटी एका अक्षराची जागा आहे. घ्यायची तर घ्या.

"एका अक्षरात काय होते?" अध्यक्ष कळवळले. "एका अक्षरात तं शिवी बी बसत नाई!"

मॅडमनी बॅनरच्या शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलं. "भाऊ, या लु चा उकार पुसा. ल राहू द्या. आन् पुढं दु काढा."

"चालदु," सोशलचे सर हळूच म्हणाले आणि हसायला लागले.

चालदु म्हणजे पुरत नाही. काल मराठी मीडियम पुरे होतं, आज पुरत नव्हतं. मराठीत त्या शब्दाला काहीच अर्थ नाही, त्यामुळे आमच्याकडून त्याचा अनर्थ होण्याचीही भीती नव्हती. पेंटरनं रॉकेलच्या बोळ्यानं उकार पुसला, दु काढला, आणि या वेळी खाली उतरून मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. मग अध्यक्षांना विचारलं, "अब ठेवूं?"

भैंसाच्या रस्त्यावर आम्ही उभे राहिलो तेव्हा आमच्याकडे बॅनर होतं, पण आवाज नव्हता. आदल्या दिवशीच्या विजयात आणि सकाळी साहेबांना दोन भाषा समजावण्यात अध्यक्षांचा घसा बसला होता. ते ओरडायचे आणि फुग्यातून हवा निघाल्यासारखं काहीतरी निघायचं. मी त्यांना सांगितलं, तुम्ही नुसतं तोंड हालवा, आम्ही समजून घेऊ.

तेवढ्यात एक टेम्पो येऊन थांबला. त्यातून बाया उतरल्या. मॅडमच्या गावच्या, पोरांच्या आया. कापूस वेचायच्या दिवसांत भर दुपारी शेत सोडून आलेल्या, कमरेच्या ओट्या तशाच बांधलेल्या, त्यांतून कापूस डोकावत होता. मॅडमनी त्यांना नुसता निरोप धाडला होता, घोषणा शिकवल्या नव्हत्या. त्या रांगेनं उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे, शेतात शिरलेल्या ढोराकडे पाहावं तसं पाहायला लागल्या. दोन ट्रक आणि एक एसटी उगीचच थांबली.

मंत्र्यांची गाडीही थांबली. पुढच्या सीटवर शिक्षणाधिकारी होते; आम्ही दफ्तरातून निघाल्यावर तेही भैंसाला गेले होते. काच खाली झाली. मंत्र्यांनी बॅनर वाचलं, आणि या वेळी डोळे पाणावले नाहीत.

"काल पुरे म्हणत होतात," ते तेलुगूत म्हणाले. "आज पुरत नाही म्हणता. रात्रीत काय झालं?"

अध्यक्षांनी छाती भरून श्वास घेतला, हात वर केला आणि खुलासा केला. तोंडातून एक शब्दही निघाला नाही. मंत्री पाहत राहिले. मी काठी धरून होतो, म्हणजे मला बोलता येत नव्हतं, असं मी तेव्हापासून सांगत आलो आहे.

मॅडम काठी एका बाईच्या हातात देऊन पुढे झाल्या. त्यांचं तेलुगू स्वच्छ. म्हणाल्या, "सर, काल आम्ही शिक्षक बोललो. आमच्या लिहिण्यात चूक झाली. आज ज्यांची मुलं आहेत, त्या आल्यात. त्यांना विचारा."

मंत्र्यांनी बायांकडे पाहिलं. एक बाई, डोक्याला फडकं बांधलेली, मराठीतच म्हणाली, "साहेब, तेलुगू शिकवा, आमी नाई म्हणत नाई. नोकरी तेच्यातच हाय, मालूम हाय आमाले. पण मास्तर पह्यल्या दिवशी काय म्हणते, थे तं पोट्ट्याले समजू द्या. न समजता बसून राह्यलं तं थे पोट्टं मुकं होते साहेब. मंग आमी त्याले वावरात नेतो. मुक्याले बी कापूस वेचता येते."

शिक्षणाधिकाऱ्यांनी ते मंत्र्यांना तेलुगूत सांगितलं. सगळं सांगितलं. मी कान देऊन होतो, त्यांनी एक शब्द गाळला नाही. त्या माणसाबद्दल मी कुठंही चांगलंच बोलतो ते यामुळे.

मंत्र्यांनी बॅनर पुन्हा वाचलं. मग बायांची रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. निवडणुका जवळच होत्या. त्या आमच्याकडे नेहमी जवळच असतात. मग ते साहेबांना म्हणाले, "शाळा राहू द्या. आणि पुरत नाही म्हणतात तर एक पोस्ट वाढवा." काच वर गेली.

आम्ही कुणालाही खांद्यावर घेतलं नाही. बाया टेम्पोत बसल्या, कारण उजेड होता तोवर आणखी दोन तास कापूस वेचता आला असता.

हुकूम आला. मिसळणं रद्द. मॅडम जागेवर. आणि मराठी मीडियम पुरत नाही, अशी जनतेची तक्रार असल्यामुळे शाळेला एक ज्यादा शिक्षक मंजूर. मराठीचा नाही. हैदराबादच्या कुण्या हुशार माणसानं असा अर्थ लावला होता, की मराठी पुरत नाही म्हणजे सोबत तेलुगू हवं. म्हणून तेलुगूचा शिक्षक. ज्या शाळेतून एक पोस्ट न्यायला निघाले होते तिथं एक आणून टाकली. राज्य झाल्यापासून कुणाला मागूनही मिळाली नव्हती, ती आम्हाला न मागता मिळाली. अध्यक्ष हे ऐकून इतके मोठ्यानं हसले की घसा सुटला. नदीपलीकडे, म्हणतात, कुणीतरी हजर म्हणालं.

नव्या सरांच्या रुजू होण्याच्या दिवशी अध्यक्षांनी शाळेत छोटासा कार्यक्रम ठेवला. शालवाले नेतेही आले, पत्रकवालेही आले. दोघांनीही हा आपल्या पक्षाचा विजय असल्याचं सांगितलं आणि एकाच मोटारसायकलवर परत गेले. नवे सर बॅग खांद्याला लावून दारात उभे होते. लहानसा पोरगेला माणूस, मराठी अजिबात येत नव्हतं. पोरं त्याला आपली नावं सांगत होती आणि तो ती चुकीची म्हणत होता, त्यावर सगळा वर्ग खिदळत होता. तो स्वतःही हसायला लागला होता.

अध्यक्ष व्हरांड्यात उभे राहून बोलले. मातृभाषा, राज्यभाषा, निजाम, घटना, सगळं आलं. शेवटी हात पसरून मॅडमकडे वळले.

"सांगा मॅडम, साऱ्या गावासमोर सांगा! शाळा राह्यली, तुमी राह्यल्या, एकाचे दोन मास्तर झाले. आता या शाळेत काय कमी हाय?"

मॅडमनी आत पाहिलं.

"खुर्ची एकच हाय, सर."